जुन्या क्वार्ट्झ घड्याळासाठी नेमका सेल कोणता, हे कसे ठरवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना 1990 च्या सुमारास निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले तीन काट्यांचे, तारीख दाखवणारे क्वार्ट्झ घड्याळ आपल्याकडे आहे. मागच्या झाकणावरचा मॉडेलचा आकडा झिजून गेला आहे. एका दुकानात बसवलेला एजी4 हा सेल व्यवस्थित बसला, पण चार-पाच महिन्यांतच संपला. दुसऱ्या दुकानात ‘364 चालून जाईल’ असे सांगून तो बसवला गेला आणि तेव्हापासून हाताला जरा धक्का लागला की घड्याळ थांबते. स्वतः शोध घेतला तर 377, 376, एलआर626, एसआर626एसडब्ल्यू अशी आणखी चार नावे समोर आली. मग यांतले नेमके मागायचे कोणते?

आपण दिलेल्या माहितीवरून उत्तर जवळजवळ निश्चित सांगता येते. आपल्या घड्याळाला 377, म्हणजेच एसआर626एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो. एजी4 नीट बसला आणि 364 सैल पडला, या दोन गोष्टींतूनच खोबणीची उंची कळते. तरीही खात्री करून घेण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि तो सविस्तर सांगावासा वाटतो, कारण जुन्या घड्याळांच्या बाबतीत होणारी बहुतेक गडबड एकाच सवयीतून होते: झाकण उघडायचे, आत जो सेल दिसेल त्यावरचा आकडा वाचायचा आणि तसाच दुसरा बसवायचा. तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात त्या घड्याळाचे झाकण कित्येकदा उघडले गेलेले असते आणि दर वेळी हाताशी असलेला सेल बसवला गेलेला असतो. म्हणून आत सापडलेला सेल हा पुरावा मानू नये. पुरावा घड्याळाच्या मशीनवर कोरलेला असतो.

आधी ही नावे समजून घेऊ. सेलवरच्या अक्षर-आकड्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत पुष्कळ सोपी आहे. पहिले अक्षर रसायन सांगते: ‘एस’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, ‘एल’ म्हणजे अल्कलाइन आणि ‘सी’ म्हणजे लिथियम. दुसरे अक्षर ‘आर’ हे गोल आकाराचे. पुढच्या आकड्यांपैकी शेवटचे दोन आकडे मिलिमीटरच्या दशांशात उंची सांगतात आणि त्यांच्या आधीचे व्यास सांगतात. म्हणजे 626 मधील 26 ही 2.6 मिलिमीटर उंची आणि सुरुवातीचा 6 हा 6.8 मिलिमीटर व्यास. व्यासाचा अपूर्णांक नावात येत नाही, त्यामुळे 7 म्हणजे 7.9, 9 म्हणजे 9.5 आणि 11 म्हणजे 11.6 मिलिमीटर, हे लक्षात ठेवावे लागते. एसआर44 किंवा एसआर41 यांसारखी जुनी नावे या हिशोबात बसत नाहीत. तिथे आकडा हा केवळ क्रमांक आहे. 377, 364, 371, 395 हे तीन अंकी आकडे ही दुसरी, स्वतंत्र पद्धत. तिच्यात आकड्यावरून माप कळत नाही, पण घड्याळजी बोलताना हेच आकडे वापरतात, आणि दुकानात तेच मागितलेले बरे.

खरा घोटाळा एजी या नावांनी केलेला आहे. चांदीचे रासायनिक चिन्ह एजी असल्यामुळे अनेकांना, काही विक्रेत्यांनाही, एजी4 हा चांदीचा सेल वाटतो. प्रत्यक्षात दहा-दहाच्या पट्टीत मिळणारे एजी सेल हे जवळजवळ सगळे अल्कलाइन असतात. त्या पट्टीच्या पाठीवर ‘एजी4, एलआर626, एसआर626, 377’ अशी सगळी नावे एका ओळीत छापलेली असतात. त्याचा अर्थ एवढाच की या सगळ्यांचे माप एक आहे. पट्टीवर काय छापले आहे याकडे पाहू नका. भिंगाखाली सेलच्या पाठीवर कोरलेली अक्षरे वाचा आणि व्होल्टेज पाहा. 1.55 व्होल्ट लिहिले असेल तर सिल्व्हर ऑक्साइड, 1.5 असेल तर अल्कलाइन.

0.05 व्होल्टच्या फरकाने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. फरक सुरुवातीच्या व्होल्टेजमध्ये नाही, पुढच्या प्रवासात आहे. सिल्व्हर ऑक्साइड सेलचे व्होल्टेज जवळजवळ संपूर्ण आयुष्यभर 1.55 च्या आसपास टिकून राहते आणि अगदी अखेरीस एकदम कोसळते. अल्कलाइन सेलचे व्होल्टेज मात्र पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जाते. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्यावरून सर्किट दर सेकंदाला एक ठोका मोजते आणि काही मिलिसेकंदांचा विजेचा झटका कॉइलमधून सोडून चिमुकल्या मोटरला अर्धा फेरा फिरवते. व्होल्टेज उतरले तरी स्फटिकाचा ताल फारसा बदलत नाही, पण झटक्याची ताकद कमी होते. थंडीत, किंवा तारखेची तबकडी सरकवण्याचा जादा भार मध्यरात्री येतो तेव्हा, मोटर एखादे पाऊल चुकते. त्यामुळे ‘घड्याळ मागे पडते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घड्याळात मला अल्कलाइन सेल सापडतो. त्या सेलमध्ये शक्ती शिल्लक असते, पण ती त्या मशीनच्या उपयोगाची उरलेली नसते. शिवाय अल्कलाइन सेल गळण्याचे प्रमाण जास्त, आणि गळलेला सेल पूर्ण मशीन निकामी करू शकतो. भिंतीवरच्या घड्याळासाठी किंवा खेळण्यासाठी अल्कलाइन उत्तम आहे. वडिलांच्या मनगटी घड्याळासाठी काही रुपयांच्या बचतीपायी तो बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 364 कडे वळू. हा एसआर621एसडब्ल्यू, म्हणजे व्यास तोच 6.8 मिलिमीटर, पण उंची 2.1. वरून पाहिले तर 377 आणि 364 यांत काहीच फरक दिसत नाही. दोन्ही शेजारी उभे ठेवले तरच अर्ध्या मिलिमीटरची तफावत नजरेला येते. घड्याळाच्या आत अर्धा मिलिमीटर हे अंतर फार मोठे आहे. सेलच्या खाली ऋण बाजूला टेकणारी पातळ पितळी पट्टी असते आणि वरून किंवा बाजूने धन बाजूला दाबणारी दुसरी पट्टी असते. उंची कमी पडली की या पट्ट्यांचा दाब सुटतो, संपर्क जेमतेम राहतो आणि हात आपटला की क्षणभर तुटतो. आपले घड्याळ धक्क्याने थांबते ते याच कारणाने. अशी घड्याळे उघडल्यावर सेलच्या डोक्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी घालून दाबलेली मला अनेकदा दिसते. ती चांदी काही दिवस काम भागवते. मग घडी सरकते, सेलच्या कडेवर येते, धन आणि ऋण दोन्ही बाजूंना एकदम चिकटते आणि सेल एका रात्रीत रिकामा होतो. कधी तिचा तुकडा चक्रांत जाऊन बसतो. उलट चूक, म्हणजे 364 च्या जागी 377 दाबून बसवणे, त्याहून वाईट. झाकण लागत नाही म्हणून जोराने दाबले जाते आणि तो दाब थेट सर्किटवर येतो.

377 आणि 376 यांत मापाचा फरक मुळीच नाही. नावाच्या अखेरीस ‘एसडब्ल्यू’ असेल तर तो कमी विजेची, पण सतत मागणी असलेल्या घड्याळांसाठी असतो. नुसता ‘डब्ल्यू’ असेल तर मधूनच जास्त वीज ओढणाऱ्या, म्हणजे दिवा किंवा गजर असलेल्या घड्याळांसाठी. आत वापरलेले क्षार वेगळे असतात: पहिल्यात सोडियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पोटॅशियमच्या द्रावणातून वीज सहज वाहते, पण ते सीलच्या कडेने बाहेर पाझरण्याचा धोकाही अधिक असतो. म्हणून नुसते काटे असलेल्या घड्याळाला 377 योग्य. अडचणीच्या वेळी 376 बसवला तर घड्याळ बिघडणार नाही. याच्या उलट, दिवा आणि गजर असलेल्या आकडी (डिजिटल) घड्याळात एसडब्ल्यू सेल बसवला, तर दिव्याचे बटण दाबताच व्होल्टेज खाली बसते आणि पडदा पुसट होतो किंवा वेळ शून्यावर जाते. काही कंपन्या आता एकाच सेलवर 377/376 असे दोन्ही आकडे छापतात. तो सेल दोन्हीकडे वापरण्यासाठीच बनवलेला असतो, त्याबद्दल शंका घेऊ नये.

मशीनवरचा आकडा कुठे शोधायचा, हे आता नीट सांगतो. झाकण उघडल्यावर सेल प्लास्टिकच्या किंवा लाकडी टोकाच्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवा आणि टेबललॅम्पच्या उजेडात भिंग घेऊन सेलच्या रिकाम्या खोबणीभोवतीची जागा पाहा. मशीनच्या धातूच्या पट्टीवर, कधी खोबणीच्या तळाशी, तर कधी प्लास्टिकच्या कडीवर, बनवणाऱ्या कंपनीची खूण आणि तीन-चार अंकी आकडा असतो. मियोटा 2035 असा आकडा दिसला तर सेल 377. जगभर सर्वाधिक आढळणाऱ्या साध्या मशीनांपैकी ते एक आहे. ईटीए 955.112 किंवा रोंडा 515 असेल तर 371, म्हणजे 9.5 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.1 उंचीचा एसआर920एसडब्ल्यू. सेकोच्या घड्याळात झाकणावरच्या आकड्यांपैकी डॅशच्या आधीचे चार म्हणजेच मशीनचा क्रमांक. उदाहरणार्थ 7एन43, ज्याला 371 च लागतो. पुष्कळ जपानी मशीनांवर तर सेलचे नावच कोरलेले असते आणि आपण ते सेलखाली झाकलेले म्हणून पाहत नाही. स्वॉचच्या जुन्या प्लास्टिक घड्याळांत मागे नाण्याने उघडण्याची छोटी झडप असते आणि 390 हा आकडा अनेकदा त्या झडपेवरच सापडतो. घड्याळाचे नाव आणि मॉडेल यांच्यापेक्षा मशीनचा क्रमांक महत्त्वाचा मानावा, याचे कारण असे की एकाच मॉडेलमध्ये कंपन्या काळानुसार वेगवेगळी मशीन बसवत आल्या आहेत, आणि एकच मशीन डझनभर कंपन्यांच्या घड्याळांत सापडते.

आकडा कुठेच वाचता आला नाही, तर माप घ्यावे. त्यासाठी प्लास्टिकचा व्हर्नियर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घेण्याची पट्टी, वापरावा. धातूच्या जबड्यात सेल धरला तर दोन्ही बाजू जोडल्या जातात. खोबणी रिकामी असेल तर तिचा व्यास मोजा आणि त्यातून थोडीशी मोकळीक वजा करा: 6.9 ते 7 मिलिमीटरची खोबणी 6.8 च्या सेलसाठी, 8 ची 7.9 साठी, 9.6-9.7 ची 9.5 साठी. उंची ठरवताना खोबणीची खोली पुरेशी नसते, कारण पट्टी किती दाबली जायला हवी हे तिच्यावरून समजत नाही. इथे अनुभवी घड्याळजीचा हात लागतो. त्या व्यासात मिळणाऱ्या सर्व उंचींचे सेल तो जवळ बाळगून असतो, 6.8 मिलिमीटरमध्ये 1.6 चा 321, 2.1 चा 364 आणि 2.6 चा 377 हे तीन मुख्य. सेल बसवल्यावर तो मशीनच्या पातळीत किंवा केसभर वर राहावा, चिमट्याने हलका स्पर्श केला तर डुगडुगू नये आणि झाकण नेहमीच्या जोराने लागावे. या तीन खुणा जुळल्या की उंची बरोबर आहे.

झाकण स्वतः उघडायचे असेल तर एक इशारा मनापासून देतो. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला एक बारीक खाच असते; पाते तिथेच घालावे आणि पिळावे, आत ढकलू नये. पाते निसटून आत गेले की ते बहुतेक वेळा तांब्याच्या कॉइलवर आदळते. कॉइलची तार माणसाच्या केसाहून बारीक असते. एक ओरखडा पुरेसा होतो आणि मग सेलऐवजी मशीनच बदलावे लागते, जे जुन्या घड्याळासाठी मिळेलच असे नाही. सेल जर स्क्रूच्या पट्टीने धरलेला असेल तर तो स्क्रू पूर्ण काढण्याआधी पाहा, कारण काही मशीनांत तो नुसता सैल करून पट्टी बाजूला सरकते. कोणती बाजू वर होती, हे काढण्यापूर्वी मोबाइलवर टिपून ठेवा. बहुतेक घड्याळांत अधिकची खूण असलेली सपाट बाजू झाकणाकडे असते, पण सर्वच मशीनांत तसे नसते. नवा सेल उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचा घाम आणि तेल कडेच्या सीलवर राहते आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते.

झाकण उघडेच आहे, तर त्यातले रबराचे कडेही पाहून घ्यावे. तीस वर्षांचे रबर चपटे आणि कडक झालेले असते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात घड्याळ उघडून तेच जुने रबर परत बसवले, तर आठवडाभरात काचेच्या आतून वाफ धरलेली दिसते आणि तबकडीवर डाग पडतात. नवे कडे बसवून त्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. त्या कामाला फार वेळ किंवा पैसा लागत नाही, तरी मागितल्याशिवाय ते सहसा केले जात नाही.

खोबणीत पांढरी पूड किंवा हिरवट डाग दिसले, तर आधीचा सेल गळला आहे. ही पूड क्षाराची असते. कापसाच्या बारीक काडीला पांढऱ्या व्हिनेगरचा किंवा गाळलेल्या लिंबाच्या रसाचा नुसता ओलावा लावून ती उतरवावी, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत सेल बसवू नये. थेंब मशीनमध्ये उतरू देऊ नका. हिरवटपणा कॉइलच्या टोकांपर्यंत पोहोचला असेल तर घरी हात लावू नये. आणि जी घड्याळे वापरात नाहीत, आठवण म्हणून कपाटात ठेवायची आहेत, त्यांतला संपलेला सेल आजच काढून ठेवा. बंद पडलेल्या घड्याळात विसरलेल्या सेलने जितकी चांगली घड्याळे खाल्ली आहेत, तितकी पाण्याने किंवा पडण्याने खाल्लेली मी पाहिलेली नाहीत.

आपल्या घड्याळापुरते हे पुरेसे आहे, पण ज्यांची जुनी घड्याळे वेगळ्या जातीची आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, कारण तिथे चुकीच्या सेलने नुकसान होते. आकडी घड्याळांत बहुधा 3 व्होल्टचा लिथियम सेल असतो. 1989 पासून विकल्या जाणाऱ्या कॅसिओ एफ-91डब्ल्यूला सीआर2016 लागतो. सीआर2016, 2025 आणि 2032 या तिघांचा व्यास 20 मिलिमीटर असून उंची अनुक्रमे 1.6, 2.5 आणि 3.2 आहे, जाडीचे नियम वर सांगितले तेच. कॅसिओच्या अनेक मशीनांत सेल बदलल्यावर पडदा कोरा राहतो किंवा वेडेवाकडे आकडे दाखवतो. तिथे ‘एसी’ असे लिहिलेला एक छोटा बिंदू असतो. तो आणि सेलची धन बाजू धातूच्या चिमट्याने सुमारे दोन सेकंद जोडली की सर्किट नव्याने सुरू होते. हे ठाऊक नसल्यामुळे धडधाकट घड्याळे भंगारात निघतात. लिथियमच्या बाबतीत पहिले अक्षर डोळ्यांत तेल घालून वाचावे: सीआर927 आणि एसआर927 यांचे माप सारखेच आहे, पण पहिला 3 व्होल्टचा आणि दुसरा 1.55 व्होल्टचा. आकडा जुळला म्हणून पहिला बसवला, तर सर्किटला दुप्पट व्होल्टेज मिळते.

उजेडावर चालणाऱ्या घड्याळांबद्दल अधिक जपून राहावे लागते. सिटिझन इको-ड्राइव्ह, कॅसिओ टफ सोलर किंवा मनगटाच्या हालचालीवर चार्ज होणारी सेको कायनेटिक यांत साधा सेल नसतो. पुन्हापुन्हा चार्ज होणारा सेल किंवा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. कॅसिओच्या काही सोलर घड्याळांतला सीटीएल1616 दिसायला हुबेहूब सीआर1616 सारखाच आहे. तिथे साधा सेल बसवला की घड्याळ त्याला चार्ज करू पाहते आणि न चार्ज होणारा सेल फुगतो, गळतो, कधी फुटतोही. अशा घड्याळाला त्याच क्रमांकाचा मूळ भागच लागतो. दुकानात मिळाला नाही तर मागवावा आणि तोवर थांबावे.

क्वार्ट्झच्याही आधीची, 1960 साली आलेली बुलोव्हा अ‍ॅक्युट्रॉन घड्याळे क्वचित परदेशी राहिलेल्या नातेवाइकांकडून आलेली पाहायला मिळतात. त्यांच्यात ठोक्यांऐवजी गुणगुण ऐकू येते, कारण आत सेकंदाला 360 वेळा कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन टोकांचा धातूचा चिमटा, असतो. ती 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेली होती. पाऱ्याचे ते सेल पर्यावरणाच्या कारणाने बंद झाले. 1.55 व्होल्टचा सेल थेट बसवला तर काही घड्याळांत फोर्क प्रमाणाबाहेर हलतो, चक्राचे एकाऐवजी दोन दाते ओढले जातात आणि घड्याळ झपाट्याने पुढे धावते. त्यावर उपाय आहेत, पण ते काम त्या मशीनची माहिती असलेल्या माणसाकडेच द्यावे.

सेल विकत घेताना सुट्या डब्यातला घेऊ नका. डब्यात सेल एकमेकांना टेकून पडलेले असतात आणि विकले जाण्याआधीच काही प्रमाणात रिकामे झालेले असतात. रेनाटा, मुराता, मॅक्सेल, एनर्जायझर यांपैकी कोणत्याही कंपनीचा, प्रत्येक सेल वेगळ्या खणात बंद असलेला आणि तारीख छापलेला घ्यावा. सोनीचा सेल-व्यवसाय 2017 मध्ये मुराताकडे गेला, तेव्हा आज कोणी ‘ताजा माल’ म्हणून सोनीच्या नावाचा सेल देत असेल तर तो जुना तरी आहे किंवा नकली तरी. मल्टिमीटर असेल तर बसवण्यापूर्वी एकदा मोजून पाहा. नव्या 377 ने 1.55 च्या जवळपास दाखवले पाहिजे. मात्र एवढ्यावरून तो पूर्ण भरलेला आहे असे म्हणता येत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे हे व्होल्टेज अखेरपर्यंत टिकते. मोजणीतून फक्त मेलेला सेल ओळखू येतो.

योग्य सेल किती टिकायला हवा, याचा हिशोब आपण स्वतः करू शकता आणि तो जरूर करावा. 377 ची क्षमता साधारण 28 मिलिअँपिअर-तास असते. चांगल्या स्थितीतले साधे मशीन सरासरी एक मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास वीज घेते. म्हणजे 28,000 तास. वर्षाचे तास 8,760, तेव्हा तीन वर्षांहून थोडे अधिक. जुन्या मशीनमधले तेल वाळून चिकट झाले की चक्रे जड फिरतात. अनेक मशीनांत मोटरचे पाऊल चुकल्याचे सर्किटला कळते आणि ते आपणहून अधिक ताकदीचे झटके देऊ लागते. काटे वेळेवर चालतात, बाहेरून काहीच दिसत नाही, पण वापर साडेतीन मायक्रोअँपिअरवर जातो आणि तोच सेल अकरा महिन्यांत संपतो. आपला एजी4 चार-पाच महिन्यांत गेला, त्यात अल्कलाइन असण्याचा वाटा नक्की आहे, पण 1990 पासून मशीनला तेल-सफाई झालेली नसेल तर तोही वाटा असणार. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंद काटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड नसून सूचना आहे. ती दिसली की काही दिवसांत सेल बदलावा.

एक काळजीची गोष्ट घरात लहान मुले असलेल्यांसाठी. हे सेल चकचकीत असतात आणि मुले ते गिळतात. 20 मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर त्यातून वाहणाऱ्या विजेमुळे तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होऊ शकते. उलटी करवण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. काढलेले सेल टेबलावर ठेवू नयेत. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून डबीत बंद करावेत आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत हे लहान सेलही येतात.

आता आपल्या घड्याळासाठी नेमके काय करावे ते सांगतो. आधी आतला 364 काढून घ्या आणि खोबणीत चांदीचा कागद किंवा पुड दिसते का ते पाहा. मशीनवरचा क्रमांक टिपून घ्या. मग घड्याळजीकडे जाताना ‘सेल बदलून द्या’ असे न म्हणता तीन गोष्टी मागा: 377 क्रमांकाचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आपल्यासमोर बंद खणातून काढून बसवावा, झाकणाचे रबरी कडे नवे घालावे, आणि सेल बसवण्याआधी मशीन किती मायक्रोअँपिअर ओढते ते मोजून सांगावे. त्यासाठीचे यंत्र बहुतेक जाणत्या दुरुस्तीवाल्यांकडे असते. आकडा दीड-दोनच्या आत आला तर निश्चिंतपणे घड्याळ वापरा. तीनच्या वर असेल तर नव्या सेलवर पैसे घालण्याआधी मशीन उघडून साफ करून घ्या. तारखेच्या घड्याळात हे काम थोडे वेळखाऊ असते, तेव्हा दुकानदाराने आठ-दहा दिवस मागितले तर ते द्यावेत.